उकिरड्यावरचं नाव

बाळ सुपात होतं, सूप उकिरड्यावर होतं आणि मी पंधरा पावलांवर कडुलिंबाच्या बुंध्यामागे लपून बसले होते.

लपायचं ठरलं नव्हतं. ठरलं होतं ते असं. दिवस उगवायच्या आत माझ्या आईनं बाळाला सुपात घालून क्वार्टर्सच्या मागच्या उकिरड्यावर ठेवायचं आणि मागं वळून न बघता घरी जायचं. तिनं दाराची कडी वाजवली, की मी, म्हणजे बाळाची आत्या, रस्त्यानं सहज चालल्यासारखी यायचं. "अगं बाई, कुणाचं हे टाकलेलं पोर?" असं मोठ्यानं म्हणायचं, सूप उचलायचं आणि आमच्याच दारात नेऊन मूठभर कोंड्याला आईला विकायचं. कोंड्याला घेतलेलं पोर म्हणून त्याचं नाव कोंडाजी. ज्यानं आधीची दोन नेली त्याला वाटावं, हे काही या घरचं नव्हे, कुणीतरी फेकलेलं, कोंड्याच्या मोलाचं. हे नेऊन काय करायचं?

मी एकोणीस वर्षांची होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. आदल्या दिवशी दुपारभर मी आईला समजावलं होतं की लहान मुलं जातात ती जंतूंमुळं. आईनं तांदूळ निवडत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग जंतूंना फसवू या. पहाटं ऊठ."

तर कडी वाजली. मी पदर खोचून निघणार, तोच रस्त्याच्या वळणावर साहेब दिसले.

हे साहेब म्हणजे बल्गेरियाचे. आमच्या गावाबाहेर टोमॅटोचा आणि आंब्याचा रस डब्यात भरायचा सहकारी कारखाना उभा राहत होता. माझा थोरला भाऊ दिनकर, आमचा दादा, तिथं स्टोअरकीपर होता आणि आम्ही कारखान्याच्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो. यंत्रं बल्गेरियातून आली होती आणि ती बसवायला यंत्रांबरोबर साहेब आले होते. वय छप्पन्न, अंगानं आडवे, मिशा पांढऱ्या, डोळ्यांवर चष्मा, अंगात सदा निळा कामाचा कोट. त्यांचं नाव स्तोयान, पण ते धड कुणालाच घेता येत नसे. कामगार त्यांना स्टोव्हसाहेब म्हणत. चेअरमन तर भाषणात "श्रीयुत सोयान" म्हणून गेले. साहेब दर वेळी छातीवर हात ठेवून न चिडता सांगत, "स्तो-यान. यानवर जोर." आणि पुढच्याच मिनिटाला कुणीतरी विचारी, "चहा आणू का, स्टोव्हसाहेब?"

साहेब रोज पहाटे गेस्ट हाउसपासून ओढ्यापर्यंत फिरायला जातात हे मला ठाऊक होतं, पण ऐन वेळी डोक्यातून गेलं. त्यांना बघितलं आणि मी कडुलिंबामागे सरले. या परदेशी माणसाच्या देखत मी उकिरड्यावरून मूल उचलणार? हा आपल्या देशात जाऊन काय सांगेल? मी आणखी खाली बसले. आत्ता जाईल, मग उचलू, म्हटलं.

तेवढ्यात बाळ रडलं.

साहेब थांबले. उकिरड्याकडे बघितलं आणि बूट शेणाकचऱ्यात रुतवत सरळ वर चढले. आता हा ओरडणार, पोलीस बोलावणार, दादाची नोकरी जाणार, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. साहेब काही ओरडले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली, बाळाला सुपातून उचललं आणि त्याच्यावरून तीनदा थू थू थू केलं. आई दृष्ट काढताना करते, अगदी तसं.

मी झाडामागून बाहेर आले. साहेबांचं इंग्रजी मोडकं होतं आणि माझं पुस्तकी, त्यामुळं आमचं बरं जमायचं.

"साहेब, हे बाळ आमचं आहे," मी म्हणाले. "डॉक्टरांनी त्याला कोवळं ऊन द्यायला सांगितलंय."

साहेबांनी पूर्वेकडे बघितलं. ऊन अजून आलंच नव्हतं.

"तू झाडामागे होतीस," ते म्हणाले.

"माझी चप्पल तुटली होती. द्या ना इकडे त्याला."

"नाही. मला सापडलं."

एवढं बोलून ते बाळाला छातीशी धरून आमच्या घराकडे चालू लागले. रिकामं सूप घेऊन मी मागून पळत होते, आणि पळताना एकच विचार मनात होता. आता या पोराला काही झालं तर ते माझ्यामुळं. जंतूंवर माझा कितीही विश्वास असला तरी त्या क्षणी तो कुठल्या कुठं गेला होता.

घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं. इंदूवहिनीची दोन मुलं गेली होती. पहिली मुलगी, तिचं नाव वहिनीनं आधीच शोधून ठेवलं होतं, मृणाल. ती अकरा दिवसांची गेली. दुसऱ्याचं नाव दादानं ठेवलं, अजिंक्य. तो तीन महिन्यांचा असताना दुपारी ताप चढला आणि दिवेलागणीला सगळं संपलं. ती दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली होती, म्हणून या खेपेला आईनं वहिनीला पाठवलंच नाही. हा तिसरा नऊ दिवसांचा झाला होता. वहिनी त्याला दूध पाजायची, दुपटी बदलायची, पण तोंड भिंतीकडे करून. त्याला बाळ म्हणायची नाही, सोन्या म्हणायची नाही, काहीच म्हणायची नाही. एकदा आई काकुळतीला येऊन म्हणाली, "इंदू, बघ तरी गं त्याच्या तोंडाकडं." वहिनी म्हणाली, "बघितलं की लक्षात राहतं, आई."

त्यानंतरच आईनं माळ्यावरचं सूप काढलं. तिला बाळ वाचवायचं होतं तितकीच वहिनीही परत आणायची होती.

दारात आई मुठीत कोंडा घेऊन माझी वाट बघत उभी होती. मी दिसण्याऐवजी साहेब दिसले, तेव्हा निम्मा कोंडा तिथंच सांडला.

"कुठं हुतीस गं तू, शरे?" ती माझ्यावर कडाडली.

"पायात काटा मोडला."

आतून दादा आला. एका गालाला दाढीचा साबण, दुसरा गाल कोरडा. त्याला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. दादा अंधश्रद्धेच्या विरुद्ध होता, निदान कारखान्यात तरी. त्यानं साहेबांकडे, सुपाकडे, आईच्या मुठीकडे बघितलं आणि त्याला सगळं उमगलं.

"आई, तू हे केलंस? आणि साहेबांच्या समोर?" मग इंग्रजीत, "सॉरी सर. माफ करा सर. बायका आहेत, अडाणी आहेत."

"अडाणी कुणाला म्हणतोस?" मी म्हणाले.

साहेब ओट्यावर टेकले. बाळ त्यांच्या कोटाला चिकटून गप्प झालं होतं. त्यांनी दादाला एवढंच विचारलं, "याच्या आधी किती गेली?"

उत्तर मीच दिलं. "दोन."

साहेबांनी मान हलवली. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

आईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. "शरे, त्यांना सांग. त्यांनी उचललं, आता पोर त्यांचं झालं. फुकट दिऊ नका म्हनावं. फुकट दिलं तर इकलं असं हुत न्हाई, समदं वाया जातं. मूठभर कोंडा घ्या म्हनावं, मगच द्या."

कोंड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. गव्हाचं बाहेरचं आवरण, खाण्यास अयोग्य, असं काहीतरी मी सांगू लागले. साहेबांनी मला हातानं थांबवलं, आईच्या मुठीकडे बघितलं आणि कोटाचा खिसा उघडून पुढं धरला. आईनं उरलेला कोंडा त्या खिशात ओतला आणि बाळासाठी हात पसरले.

साहेब बाळाला देईनात. "आता नाव," ते म्हणाले.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "नाव ठरलंय म्हनावं. कोंडाजी. आनि नाव आत्या ठेवती, इकनारा न्हाई."

"आमच्या गावात ज्याला सापडतं तो नाव ठेवतो," साहेब म्हणाले. "मी नाव ठेवलं नाही, तर हा सापडलाच नाही."

दादाच्या गालावरचा साबण वाळत आला होता. "सर, तुमच्या गावात? तुमच्याकडेही उकिरड्यावर ठेवतात?"

"चौरस्त्यावर. जिथे वाटा मिळतात. पहाटे ठेवतात आणि दूर जातात. पहिला माणूस जो येईल तो उचलतो. मग तो त्याचा धर्मबाप. नाव त्याचं."

इतका वेळ मी लाजेनं मेले होते, आता मला राग आला. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. मला एकच भाऊ, त्याची आधीची दोन्ही मुलं गेलेली. हा मान काही मला रोज रोज मिळणार नव्हता.

"आमच्यात आत्या नाव ठेवते," मी ठसक्यात म्हणाले.

"आत्या झाडामागे होती," साहेब म्हणाले.

"काय म्हनत्यात?" आईनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "ठेवू दे त्यांना नाव."

साहेबांनी बाळाला दोन्ही हातांवर घेतलं आणि म्हणाले, "स्तोयान."

दादा माझ्या कानाशी पुटपुटला, "स्वतःचंच नाव! आहे की नाही कमाल?" मलाही तेच वाटलं. माणूस चांगला असला तरी बढाईखोर निघाला. आईनं विचारलं, "ते स्टोव्ह? आमच्या पोराचं नाव स्टोव्ह?"

तेवढ्यात आतून, पडद्यामागून, वहिनीचा आवाज आला. नऊ दिवसांत ती आपण होऊन काही बोलली नव्हती.

"वन्सं, विचारा त्यांना. त्या नावाचा अर्थ काय?"

मी विचारलं. साहेबांना शब्द सापडेना. ते उठून उभे राहिले, पाय फाकवून ओट्यावर घट्ट रोवले आणि हाताचा पंजा जमिनीकडे दाबला. "हे. उभं. जायचं नाही." त्यांनी मान हलवली, त्यांचं त्यांनाच पटलं नव्हतं. मग सावकाश सांगू लागले. "माझ्या आधी तीन. दोन भाऊ, एक बहीण. सगळे गेले. मी झालो, तेव्हा बापानं मला चौरस्त्यावर ठेवलं. एक मेंढपाळ आला. त्यानं मला उचललं, बापाला दिलं आणि म्हणाला, स्तोयान. आमच्या भाषेत, जो निघून जातोय त्याला आपण सांगतो ना..."

"राहा," माझ्या तोंडून मराठीतच निघालं.

"काय म्हणाले, वन्सं?"

"'राहा' असा अर्थ आहे, वहिनी."

"नुसतंच?"

"नुसतंच. राहा."

मग वहिनी म्हणाली, "असू दे तेच. घ्या त्याला आत." आईनं बाळ घेऊन पडदा सारला तेव्हा मला आतलं दिसलं. वहिनीनं हात पुढं केले होते, पण तोंड भिंतीकडेच होतं.

बारसं झालं त्या दिवशी घरभर एकच तालीम चालली होती. साहेबांना खुर्चीवर बसवलं होतं आणि शेजारच्या बायका एकामागून एक नाव म्हणून बघत होत्या. स्तोयाम, इस्तोयान, तोयान. सगळ्यांत आधी जमलं ते आईला. तिनं ते मंत्र पाठ करावा तसं केलं होतं आणि आता ती दुसऱ्यांना डोळे वटारून शिकवत होती, "यानवर जोर द्या की गं." पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करायचा मान अखेर मलाच मिळाला. मी नाव बरोबर घेतलं. पाठीत बायकांचे धपके बसत असताना मी वहिनीकडे बघितलं. ती पाळण्याची दोरी ओढत होती आणि हातातल्या बांगड्या बघत होती.

घुगऱ्यांची ताटली घेऊन मी ओट्यावर साहेबांकडे गेले. मनात साचलेलं काढून टाकायचं होतं.

"साहेब, मी मुद्दाम लपले होते. तुमची लाज वाटली म्हणून."

"माहीत आहे," ते घुगऱ्या चावत म्हणाले. "तू लपली नसतीस तर मी पहिला आलो नसतो."

"तुमच्या मुलांची नावं काय?"

"मुलगी आहे, तिचं वेस्ना. आमच्या जुन्या भाषेत वसंताला तसं म्हणतात. मुलगा होता. प्लामेन." त्यांनी बोटं वर हलवून ज्योत दाखवली. "सुंदर नाव, नवं नाव. आई म्हणाली होती, जुनं ठेव, चौरस्त्यावर ने. मी शिकलेला, मी हसलो. सहा वर्षांचा झाला. मग नदी."

मी विचारलं, "म्हणजे नावानं माणूस राहतो असं तुम्हाला वाटतं?"

"नाही. नावानं काही होत नाही. नदीला नाव कळत नाही."

"मग याचं नाव का ठेवलंत?"

साहेबांनी हनुवटीनं आतल्या खोलीकडे दाखवलं. "त्या दिवशी ती बोलली ना, तेव्हा पडदा हलला. मला तिची पाठ दिसली. माझ्या आईनंही वर्षभर माझ्याकडे बघितलं नव्हतं. तिनंच मला सांगितलं. पण नाव ते होतं. मूल उठलं, हाक मारायची, स्तोयान. पडलं, स्तोयान. जेवलं नाही, स्तोयान. दिवसातून पन्नास वेळा तेच मागायचं. मागता मागता एक दिवस तिनं मान वळवली. दिलंय की नाही, बघायला." ताटली माझ्या हातात देत ते म्हणाले, "ते नाव मुलासाठी नसतं, शरयू."

मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगून काही उपयोगही नव्हता. आईनं मात्र आपल्या परीनं घरात सक्तीच केली. बाळ म्हणायचं नाही, राजा म्हणायचं नाही, जे कोंडा मोजून घेतलंय तेच नाव घ्यायचं. वहिनीही घेऊ लागली. सुरुवातीला भिंतीकडे बघून, मग चुलीकडे, मग दाराकडे. मी सुट्टीला आले की बघायची, अजून नजर कुठं पोचलीय. पोराला ताप आला की घरात कुणी जेवत नसे. नऊ महिने त्याला आम्ही सगळ्यांनी बोटांच्या टोकांनीच हाताळलं. कुणी त्याच्यावर आवाज चढवला नाही, की कुणी त्याच्याविषयी उद्याचं काही बोललं नाही. रांगायला लागेल, दात येतील, एवढंसुद्धा नाही.

तो राहिला, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. स्तोयान दिनकर जाधव आज एकावन्न वर्षांचा आहे, वीज मंडळात आहे, डोक्याला टक्कल पडलंय आणि फोनवर दर माणसाला आपलं नाव तीनदा सांगावं लागतं म्हणून कुरकुरतो. पण मला आठवतो तो मे महिन्यातला एक दिवस.

कारखाना सुरू झाला होता, आंब्याच्या रसाचे पहिले डबे निघाले होते आणि साहेब परत निघाले होते. दुपारी निरोप घ्यायला आले, एक डबा आईसाठी घेऊन. ओट्यावर बसले, स्तोयानला मांडीवर घेतलं. पोरगं आता चांगलं बाळसेदार झालं होतं. दादा इंग्रजीत आभाराचं भाषण करत होता. साहेब ते ऐकण्यासाठी जरा वाकले, तशी पोरानं दोन्ही हातांनी त्यांचा चष्मा ओढला आणि कुणी हात धरायच्या आत त्याची काडी मोडून ठेवली.

वहिनी चहाचे कप घेऊन दारात आली होती. तिनं ते बघितलं. कप खाली ठेवले, "स्तोयान!" म्हणून ओरडली आणि पुढं होऊन त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. हळू नव्हे, चांगला आवाज निघाला.

दादाचं भाषण अर्ध्यावर तुटलं. आईनं पदर तोंडाला लावला. पोरानं क्षणभर श्वास रोखला आणि मग जो गळा काढला तो क्वार्टर्सच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असेल.

वहिनीनं त्याला साहेबांच्या मांडीवरून उचललं, कमरेवर घेतलं, पदरानं त्याचं नाक खसकन पुसलं. आणि त्याचं तोंड हनुवटीला धरून आपल्याकडे वळवलं, सरळ त्याच्या डोळ्यांत बघत बोलत सुटली, "दुसऱ्याची वस्तू मोडतोस? लाज न्हाई वाटत? आत्ताच हे असं, मग शाळंत गेल्यावर काय करशील? रोज मास्तरांच्या तक्रारी ऐकत बसू का मी? अं? बघ माझ्याकडं. बघ."

आई आत गेली. देवापुढं साखर ठेवल्याचा वाटीचा आवाज मला ऐकू आला.

साहेब मोडका चष्मा हातात धरून बसले होते. त्यांनी माझी बाही ओढली. "ती त्याला काय म्हणतेय?"

मला रागावण्याचं सगळं भाषांतर जमलं नसतं.

"म्हणतेय," मी सांगितलं, "हा शाळेत जाणार आहे."